रेस्क्यू मोडही अडतो तेव्हा : एफएसटॅब दुरुस्तीचा माझा अनुभव

मशीन डेबियन १२ या लिनक्सचं. त्यातली डेटाची डिस्क नव्याने फॉरमॅट केलेली होती. एमकेएफएस (फॉरमॅटची कमांड) चालवलं की पार्टिशनला नवा यूयूआयडी (ओळख क्रमांक) मिळतो, पण बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये जुनाच राहिला होता. बूट करताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' ही ओळ येऊन मशीन थांबायचं आणि १ मिनिट ३० सेकंद उलटले की इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या कमांडच्या पडद्यावर, जायचं. हे ९० सेकंद म्हणजे सिस्टमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) एखाद्या डिव्हाइससाठी थांबतं ती ठरलेली मुदत. डिस्क ठणठणीत असते, फक्त तिला जुन्या नावाने हाका मारणं चालू असतं. त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

इमर्जन्सी मोड रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड मागतो. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला असेल तर रूट खातं कुलूपबंद असतं. मग 'रूट अकाउंट इज लॉक्ड' एवढंच दिसतं आणि एंटर दाबून काही हाती लागत नाही. यावर बहुतेक जण ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या) मेनूतून रिकव्हरी मोड निवडतात. तो कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिल्या जाणाऱ्या ओळीत सिंगल हा शब्द घालतो, म्हणजे सिस्टमडी रेस्क्यू टार्गेट या मोजक्या सेवांच्या टप्प्याकडे निघतं. पण रेस्क्यू टार्गेट एफएसटॅबमधल्या डिस्का जोडल्यावरच पुढे सरकतं. जी ओळ बिघडली आहे तिच्यावरच ते अडतं आणि गाडी पुन्हा इमर्जन्सीत येते. नाव रेस्क्यू असलं तरी या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही.

चालतं ते असं. ग्रबच्या मेनूत नेहमीच्या नोंदीवर थांबून ई दाबायचं. लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची. तिच्या शेवटी 'आरओ क्वाएट' असतं. त्यातलं क्वाएट काढून तिथे इनिट=/बिन/बॅश लिहायचं आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबायचं. हा बदल एकाच बूटपुरता असतो, त्यामुळे बिनधास्त करावा. सिस्टमडी सुरूच होत नाही, त्याच्या जागी बॅश हा कमांडचा शेल येतो आणि पासवर्ड न मागता थेट रूटचा प्रॉम्प्ट मिळतो. (कोणाच्याही हाती मशीन पडलं तर त्यालाही तो असाच मिळतो. डिस्क एन्क्रिप्ट करा म्हणतात ते यासाठीच.) 'नो जॉब कंट्रोल' असा इशारा दिसला तर दुर्लक्ष करावं. फक्त या शेलमध्ये कंट्रोल-सी लागू पडत नाही हे ध्यानात असू द्यावं.

इथे रूट फाइलसिस्टम (मूळ पार्टिशन, म्हणजे /) फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' दिलं नाही तर नॅनो फाइल उघडेल, पण सेव्ह करू देणार नाही. मग एफएसटॅबची एक प्रत काढून ठेवायची, बीएलकेआयडी (पार्टिशनांचे यूयूआयडी दाखवणारी कमांड) चालवून नवा यूयूआयडी बघायचा आणि जुन्याच्या जागी घालायचा. फोनवर फोटो काढून हाताने टाइप करण्यापेक्षा बीएलकेआयडीचं आउटपुट दोन बाणांनी (>>) फाइलच्या शेवटी जोडून तिथून कापून घेतलेलं बरं. एकच बाण टाकलात तर अख्खी फाइल पुसली जाते. ती प्रत तेव्हा कामी येते.

ओळीत सहा रकाने असतात : डिव्हाइस, माउंट पॉइंट (डिस्क जिथे जोडायची तो फोल्डर), प्रकार, ऑप्शन्स, डम्प आणि पास. ते स्पेस किंवा टॅबने वेगळे होतात. 'डीफॉल्ट्स, नोफेल' असं स्वल्पविरामानंतर स्पेस देऊन लिहिलं की नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू न देणारा ऑप्शन) पाचव्या रकान्यात जाऊन बसतो आणि लागूच होत नाही. नुसत्या डोळ्यांना हे सहज निसटतं. म्हणून रीबूटच्या आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवावं. ते नसलेला यूयूआयडी, नसलेला माउंट पॉइंट, चुकलेला प्रकार सगळं दाखवतं. समाधान झालं की 'सिंक', मग रूट पुन्हा आरओ (फक्त वाचण्यापुरतं) करून बूट पुढे नेण्यासाठी 'एक्झेक /एसबिन/इनिट'. सवयीने 'एक्झिट' टाइप करू नये. बॅशच पहिली प्रोसेस असल्याने ती संपताच कर्नल पॅनिक होतो.

ज्यांना रूटचा पासवर्ड ठाऊक आहे त्यांना इमर्जन्सी शेलमध्येच हे सगळं करता येतं, पण फाइल बदलल्यावर 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' दिलेलं बरं. सिस्टमडी बूटच्या सुरुवातीलाच एफएसटॅबच्या ओळींपासून माउंट युनिट बनवून ठेवतं. रीलोड झालं नाही तर ते जुन्याच यूयूआयडीची वाट बघतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून करणार असाल तर मशीनचं रूट पार्टिशन /एमएनटीला जोडून बदल /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅबमध्ये करायचा. नुसती /ईटीसी/एफएसटॅब ही पेनड्राइव्हची स्वतःची असते. फेडोरावर इनिट=/बिन/बॅश वापरलं तर 'टच /.ऑटोरीलेबल' विसरू नये, नाहीतर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची फाइलींवरची लेबलं बिघडून नवीनच कटकट सुरू होते.

डेटाच्या डिस्कला मी नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस हे दोन ऑप्शन लावतो. डिस्क सापडली नाही तरी मशीन वर येतं. मात्र याचा एक त्रास आहे. डिस्क न जोडता मशीन चालू झालं तर बॅकअपची स्क्रिप्ट रिकाम्या फोल्डरमध्येच लिहीत बसते आणि रूट पार्टिशन भरून जातं. त्यावर उपाय म्हणजे डिस्क काढलेली असताना त्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' (बदल करण्यास बंदी) लावून ठेवायचं. मग डिस्क नसताना त्यात कोणालाच, रूटलाही, काही लिहिता येत नाही आणि स्क्रिप्ट लगेच एरर देते.