शेगडी घेताना आधी जेट बघा

परळच्या आमच्या घरी पाइपचा गॅस आहे, म्हणून दुकानात मी आधी जेटचं, म्हणजे ज्या छोट्या तोटीतून गॅस बर्नरमध्ये येतो तिचं, विचारलं. सिलिंडरच्या शेगडीच्या जेटचं भोक बारीक असतं. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, त्याचा दाबही कमी, त्यामुळे त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. नाहीतर ज्योत मिणमिणती राहते, भाकरी फुगत नाही. हे जेट अधिकृत मेकॅनिककडूनच बदलून घ्यावेत.

सासूबाईंना काचेची शेगडी आवडली होती. दिसते देखणी, पण रविवारी आमच्याकडे कालवणाचं जड पातेलं चढतं, म्हणून मी स्टीलवरच अडून बसले. बर्नर पितळेचे, आणि तीनच. आमच्या छोट्या ओट्यावर चार बर्नर म्हणजे तवा आणि कुकरची टक्कर! ऑटो इग्निशन नको म्हटलं, लायटर पुरतो.