कालाकोटच्या दगडातला कान

लॅबमध्ये माझं काम फॉसिल प्रिपरेशनचं, म्हणजे दगडातून हाडं मोकळी करायची. त्या दिवशी टेबलावर जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटचा दगड होता, साधारण ४.८ कोटी वर्षं जुना आणि इतका कडक की दिवसभर एअर स्क्राइब, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी बारीक छिन्नी, चालवला तरी नखाएवढीच जागा मोकळी होते. तिथली हाडं सगळी एकमेकांत अडकलेली असतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या मांडीच्या हाडावर, त्यामुळे घाई केली की वाट लागलीच.

आत होता इंडोह्यूस. नावाचा अर्थ भारतातलं डुक्कर, पण हा काही डुक्कर नाही, मांजराएवढा खुरांचा प्राणी, बारीक पायांचा, आपल्या सह्याद्रीतलं छोटं पिसोरी हरीण आठवा.

तीन वाजता कवटीखाली कानाची वाटी दिसायला लागली. मी स्क्राइब बंद केला, हातात सुई घेतली आणि मायक्रोस्कोपखाली एकेक कण काढत बसले. बाहेरची भिंत पातळ निघाली, आणि आतली कड बघते तर चांगली जाडजूड, गोल वळलेली! शेजारी तुलनेला बकरीची कवटी ठेवलेली, तिच्या कानात असं काहीच नाही. ही कड असते देवमाशांच्या कानात. वाचलेलं शंभर वेळा होतं, पण सुईच्या टोकाला लागली तेव्हा खरंच हात थांबला.

मला सारखे भूवैज्ञानिक रंगा राव आठवत होते. १९७१ मध्ये त्यांनीच इंडोह्यूस हे नाव दिलं, आणि ते गेले तेव्हा त्यांनी गोळा केलेले कितीतरी दगड न फोडताच पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांना दिले, तिथे तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचा कानाचा भाग चुकून तुटला आणि आतली जाड कड दिसली, मग २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपाई आणि सहकाऱ्यांनी मांडलं की देवमाशांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक हेच. पायांची हाडंसुद्धा पाणघोड्यासारखी जाड भिंतीची, पाण्यात तळाशी चालायला वजन हवं ना.

सरांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले, "आज एवढंच राहू दे."

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं तर तिचा पहिलाच प्रश्न, "खूर असलेला प्राणी पाण्यात कशाला जाईल गं?" म्हटलं, आफ्रिकेतली पिसोरीची बहीण गरुड दिसला की पाण्यात बुडी मारते, हाही तसाच लपत असेल. "म्हणजे भीतीने," आई म्हणाली.