क्रॉस केलेली केबल क्रॉस नव्हतीच

मागच्या नोंदीत मी थाटात लिहिलं होतं, जुन्या ४८६ पीसीतल्या फायली माझ्या पेन्टियमवर आणायला केबल तयार आहे, आता फक्त जोडायचं बाकी. त्या ‘फक्त’ने तीन आठवडे खाल्ले. पण काल रात्री पावणेबाराला ४८६ बोललं!

मांडणी तीच. काकांच्या कापसाच्या जिनिंगमधून आलेलं ४८६, त्यात डॉस ५ (जुनी ऑपरेटिंग सिस्टिम), फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला. इकडे माझं पेन्टियम, डॉस ६.२२. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लाव असं बऱ्याच जणांनी सुचवलं. लावली. ८५ एमबीची ती डिस्क एलबीएच्या (सेक्टरना सरळ ओळीने नंबर देण्याच्या पद्धतीच्या) आधीची, तिला सिलिंडर-हेड-सेक्टर एवढंच कळतं, आणि अडॅप्टरला नेमकं तेच कळत नाही. म्हणून सिरीअल पोर्ट, एका तारेवरून एकेक बिट पाठवणारा. ४८६च्या दोन सिरीअल पोर्टांपैकी नऊ पिनचा कॉम१ बाद, ग्राउंडची पिन तुटलेली (तो पराक्रमही माझाच). उरला पंचवीस पिनचा कॉम२. म्हणजे केबलच्या एका टोकाला नऊचा फिमेल, दुसऱ्याला पंचवीसचा.

नल मोडेम (दोन पीसी थेट जोडणारी केबल) म्हणजे पिन २ आणि ३ उलटवायचे, हे आपल्याला झोपेतही येतं. मी उलटवले. ग्राउंड ५चा ७ला. तूर्त तीनच तारा, चाचणीपुरत्या. दोन्हीकडे काही नाही. सोल्डर पुन्हा केलं, काही नाही. बॉड रेट (वेग) बदलले, पोर्टचा जंपर तपासला, पेन्टियमच्या बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) आयआरक्यू खालीवर केले. दुपारी ४४ डिग्रीत पंखा बंद करून सोल्डरिंग करायचं (चालू ठेवला तर टोक तापत नाही), आणि आई दारातून विचारणार, “हाई काय करी राहिना रे भाऊ?”

शेवटी मीटर घेतला, जो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. केबल काढून पोर्टच मोजले. आरएस-२३२मध्ये (सिरीअल पोर्टच्या मानकात) गप्प बसलेली टीएक्स, म्हणजे पाठवायची पिन, उणे व्होल्टेजवर असते, आणि आरएक्स, म्हणजे ऐकायची, शून्याच्या आसपास लोळते. पेन्टियमच्या पिन ३वर उणे १०.८. ठीक. ४८६च्या पंचवीसमध्ये पिन २वर उणे ११.३. दोनवर! आणि माझी तार ३ला २शी जोडत होती. दोन्ही तोंडं एका तारेवर, दोन्ही कान दुसरीवर. ऐकायला सगळे तयार, पण कानाच्या तारेवर बोलणारा कोणी नाही.

कारण लाजिरवाणं सोपं आहे. जुन्या पंचवीस पिनमध्ये पीसीच्या बाजूला २ म्हणजे टीएक्स आणि ३ म्हणजे आरएक्स. १९८४च्या पीसी एटीवर आयबीएमने नऊ पिनचा पोर्ट दिला तेव्हा हे दोन आकडे नेमके उलटे केले. म्हणजे नऊ-ते-पंचवीसमध्ये २ला २ आणि ३ला ३ जोडलं की तेच क्रॉस. मी सिग्नल नाही, आकडे उलटवत बसलो होतो. बरं, आरएस-२३२चे ड्रायव्हर शॉर्ट सोसायला बनवलेले असतात, नाहीतर तीन आठवडे एकमेकांना टक्कर देऊन एखादी चिप गेली असती.

तारा बदलल्या, दोन्ही टोकं लावली, मीटर ठेवला: दोन्ही तारांवर उणे. त्या क्षणाला मी चहा केला आणि दोन बशा प्यालो.

तरी इंटरसर्व्हरची आरकॉपी चालेना. (इंटरलिंक-इंटरसर्व्हर ही डॉस ६मधली, केबलवरून फायली नेणारी जोडी. डॉस ५मध्ये ती नाही, म्हणून आरकॉपीने ती आधी केबलवरूनच ४८६वर चढवायची.) ४८६वर मोड कॉम२ला २४००, एन, ८, १, पी. मग सीटीटीवाय कॉम२, म्हणजे ४८६ने हुकूम कीबोर्डऐवजी पोर्टवरून घ्यायचे. इथे कीबोर्ड मुका होतो, म्हणजे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला रीसेट. हे मी नऊ वेळा केलं. इंटरलिंकला तीन तारा पुरतात, हे बरोबर. ते थेट पोर्टच्या चिपशी बोलतं. पण सीटीटीवाय बायोसमार्फत बोलतं, आणि डीएसआर, सीटीएस (समोरचा तयार आहे असं सांगणाऱ्या पिना) वर आल्याशिवाय बायोस तोंड उघडत नाही. आरकॉपीला सात तारा लागतात त्या म्हणूनच.

मग उरलेल्या चार टाकल्या. नऊकडून पंचवीसकडे: ७चा ५, ८चा ४, ४चा ६, ६चा २०. लॅन वायरच्या आठपैकी सात लागल्या, तपकिरी उरली. सॉलिड तार पिनेच्या सोल्डर कपमध्ये झकास बसते, पण दोनदा वाकवली की तुटते. तिथे हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) हवंच. हूड (कनेक्टरवरची टोपणं) जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मिळाले. नऊचा हूड मागितला तर दुकानदारदादांनी व्हीजीएचा काढला, मी नाक मुरडलं, आणि तो चपखल बसला. दोघांचं शेल एकाच मापाचं असतं, फक्त आत पंधरा पिना. ऑनलाइन मागवलेले तयार अडॅप्टर मात्र परत घेणार नाही. आलेल्या दोनपैकी एकात फक्त तीनच पिना जोडलेल्या होत्या.

आणि आरकॉपी सुरू झाली. स्क्रीनवर अक्षरं सरकायला लागली, आईने विचारलं, “बोलना का तुना डबा?” बोलला.

आता खरी कुरबुर. ११५२०० वर कॉपी दोनदा अडकली. ४८६च्या पोर्टला फिफो (आलेले बाइट थोडा वेळ साठवणारी रांग) नाही, एकेक बाइट उचलताना धाप लागते. ५७६०० वर नीट चालतं, पण सेकंदाला साडेपाच केबी. ६० एमबीला तीन तास, आणि आमच्याकडे तीन तास सलग वीज म्हणजे... आज जिनिंगची फक्त हिशोबाची फोल्डरं उतरवतोय.

हे लिहिता लिहिता वाटलं, पॅरलल (प्रिंटरचा) पोर्ट का नाही? इंटरलिंकला तेही चालतं, एका दमात चार बिट. अकरा तारा, दोन्हीकडे पंचवीसचा मेल: २चा १५, ३चा १३, ४चा १२, ५चा १०, ६चा ११, आणि तसंच उलटं, वर २५ला २५. दोन लॅन वायरी शेजारी बांधल्या की सोळा तारा होतात. फक्त जोडताना बघायचं: पंचवीसचा मेल पोर्ट सिरीअल, फिमेल पॅरलल. जेंडर चेंजर (मेलचं फिमेल करणारा तुकडा) घालून ती चूक केली तर पाच व्होल्टच्या पोर्टात उणे अकरा जातील.

पंचवीसचे दोन मेल हवेत. बुधवारी सकाळच्या गाडीने अमळनेरहून जळगावला जाऊन आणतो. सात तारांची केबल तोवर तोडत नाही.