तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बैठकीत मी गप्प का बसले

मी बायकांच्या बचत समूहांची कार्यकर्ती. फील्डवर्कला येणारी मुलं विचारतात. इथली, इंदूरच्या सुदामा नगरातली मावसबहीण दर गणपतीत विचारते. एका प्रशिक्षणात तर चहाचा कप हातात असताना एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं, "समूहानं त्या बाईला काढलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? मग बोलला का नाहीत?" घाईत असले की मी "निर्णय समूहाचा होता" म्हणते आणि स्कूटरला किल्ली लावते. आज एकदाचं नीट सांगते.

बचत समूह कसा चालतो हे तुम्हाला सांगायला नको. नियमित बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री घोकूनच तुम्ही वस्तीत येता. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ साली समूहांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. तारणाला दागिना नाही, जमीन नाही, मग बँक रजिस्टर बघते. आपसातलं कर्ज वेळेवर फिटतंय का, ते बघते. म्हणजे एकीचा थकलेला हप्ता सगळ्यांच्या कपाळी.

समूह खान नदीकाठच्या वस्तीतला. बहुतेक जणी घरकामाला जाणाऱ्या, दोघी-तिघी लग्नसराईत केटररकडे पोळ्या लाटणाऱ्या. बँकेच्या कर्जाची फाईल तयार होत आली होती. कुणाला शिलाई मशीन घ्यायचं होतं, कुणाला मुलीची फी भरायची होती. आणि एका बाईचे हप्ते थकले होते. मुलाच्या लोडिंग रिक्षाचा हप्ता चुकू नये म्हणून तिनं समूहाकडून कर्ज घेतलं, तरी रिक्षा फायनान्सवाल्यांनी उचलून नेलीच. मुलगा घरी बसला. नवरा आधीच वारलेला.

बैठक अध्यक्षबाईच्या ओटल्यावर, दुपारची भांडी उरकल्यावर. सुरुवातीला कुणी विषय काढेना. रजिस्टर या हातातून त्या हातात फिरत राहिलं. मग अध्यक्षबाई म्हणाली, "एक के पीछे सबका रुकेगा क्या?" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तिचं नवं मंगळसूत्र निघालं (खोटं होतं, पण निघालं), भाच्याच्या लग्नात तिनं दिलेला आहेर निघाला. ती एवढंच म्हणत राहिली, "मैं कहीं भागी जा रही हूँ क्या?" जिच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली होती ती शेजारीण ओटल्याच्या कडेची माती नखानं उकरत होती. शेवटी हप्ते थकलेली ती बाई माझ्याकडे वळली. "दीदी, आप तो बोलो."

मी म्हटलं, "समूह जो तय करे."

समूहानं ठरवलं. तिची बचत कर्जात वळती केली, उरलेली बाकी नावावर लिहिली, आणि नाव कमी केलं. ठरावाखाली तिची सही हवी होती. सही करायला ती याच समूहात शिकली होती. एकेक अक्षर जोडत तिनं ती केली, आणि ती होईपर्यंत आम्ही सगळ्या थांबलो.

बँकेचं कर्ज मिळालं. वेळेत फिटलंही. समूह अजून आहे, आणि उत्तम आहे. तिनं मात्र व्याजवाल्याकडून पैसे उचलले आणि आमची बाकीही चुकती केली. वस्तीत भेटली की ती नमस्कार करते. थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एक शब्द टाकला असता तर? टाकला असता, तर सगळ्यांनी ऐकलं असतं. अडचण तीच आहे. माझं आडनाव, माझी स्कूटर, बँकेतल्या साहेबांशी माझं बोलणं, या सगळ्याचं वजन त्या ओटल्यावर माझ्याआधी येऊन बसलेलं असतं. मी बोलले की ठराव माझा होतो, आणि पुढच्या प्रत्येक भांडणात माझी वाट बघितली जाते. हे मी पुस्तकातून नाही म्हणत. असे समूह मी पाहिलेत. कार्यकर्ती बदलली की महिन्याभरात त्यांच्या पेटीला कुलूप लागतं.

पण हे म्हणताना मला माझा त्या वेळचा अहवाल आठवतो. त्यात मी लिहिलंय, "सदस्यांनी परिपक्वतेने स्वतः निर्णय घेतला." परिपक्वतेने! ते लिहिणारी बाई आज समोर आली तर तिला विचारेन: बँक रजिस्टरात काय बघते हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तूच ना? फाईलची घाई कुणाला होती? आणि तू गप्प बसलीस, तर तुझ्या गप्प बसण्याला वजन नव्हतं? तीही काही कच्ची नाही. म्हणेल, मग काय खोटं सांगायचं होतं त्यांना? बाकीच्या बायकांच्या मशीनचं, फीचं काय? याच्यापुढे आमचं दोघींचं घोडं जात नाही.

मुलं मला टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पायऱ्या ऐकवतात: समूह जमतो, भांडतो, घडी बसते, मग कामाला लागतो. १९६५ साली मांडल्या, १९७७ साली पाचवी जोडली, समूह मोडण्याची. हे सगळं समूहाचं झालं. भांडणात जी बाहेर पडते तिची पायरी कितवी?

आणि आपल्या इंदूरची ती लाडकी गोष्ट, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसची. १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल देणारा हा गृहस्थ एका दिवसाचा महाराजा झाला. त्यानं जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं नाही, ज्या गल्ल्या सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त होतील तिथून जाईल. प्लेगचं सावट असलेलं शहर झाडून निघालं. लोकांना कामाला कसं लावावं याचा नमुना म्हणून प्रशिक्षणात मीही ती रंगवून सांगते. अलीकडे सांगताना मध्येच अडखळते. ज्या गल्लीत झाडायला धड माणूस उरला नव्हता, तिथून मिरवणूक गेली नसणार. गल्लीवाल्यांना त्याचं काय वाटलं हे गोष्टीत येत नाही.

आता मी नव्या समूहांत नियम लिहून घेतानाच विचारते, हप्ता थकला तर आधी घरी कोण जाणार? किती मुदत देणार? तेवढं बोलते. ठरावाच्या वेळी अजूनही बोलत नाही. माझी एक तरुण सहकारी आहे, तिला हे पटत नाही. ती बैठकीत सरळ म्हणते, "इनको नहीं निकालना है, बस." तिच्या समूहातून आजवर एकही बाई गेलेली नाही. ती रजेवर असली की तिथे बैठक होत नाही. यावरून आमची दोघींची दर शनिवारी वादावादी होते आणि ऑफिस बंद करायची वेळ झाली की थांबते.