निन्जा 1000चं व्हॉल्व्ह क्लिअरन्स : माझा अनुभव

अजून डोकं तापलेलंच आहे म्हणून लिहितोय. गाडी 2017ची कावासाकी निन्जा 1000, राहायला मी साताऱ्यात, काम टाकलं पुण्यातल्या एका वर्कशॉपला, नाव लिहीत नाही. टाकी, फेअरिंग, एअरबॉक्स काढणं सगळं पटापट झालं. घोडं अडलं ते शिमवर.

1043 सीसी, ओळीत चार सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. प्रत्येक व्हॉल्व्हवर बकेट, म्हणजे उलट्या वाटीसारखी टोपी, आणि बकेटखाली शर्टाच्या बटणाएवढी चकती, ती शिम. वरून बकेट दाबून व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम. कॅम आणि बकेटमध्ये बारीक फट लागते, तेच व्हॉल्व्ह क्लिअरन्स, व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये, म्हणजे तो टेकतो त्या कडीत, बसत गेला की ती कमी होते. सगळे सांगतात आवाज नाही ना, मग कशाला खोलतो. अरे पण आवाज ढिला व्हॉल्व्ह करतो, घट्ट झालेला गप्प असतो! तो नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

तर फोन केला की एकच उत्तर, "सर, शिम कंपनीतून यायच्यात." किती? कुठल्या जाडीच्या? "बघून सांगतो." परत फोन केला की दुसराच माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा. मी म्हटलं रीडिंगचा कागद पाठवा, प्रत्येक व्हॉल्व्हची मोजलेली फट, 16 आकडे, बास. तर म्हणे कस्टमरला देत नाही. गाडी माझी, इंजिन माझं, आकडे मात्र यांचे! शेवटी एसटीने गेलो आणि कागद बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणून काउंटरला उभाच राहिलो. मग आतून एक वयस्कर मिस्त्री आले, त्यांच्या खिशात तो कागद होता, ऑइलचे डाग पडलेला, पेन्सिलने लिहिलेला, एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या व्हॉल्व्हच्या, चार आकड्यांना गोल केलेलं. हिशोब एकदम सोपा असतो, जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा पाहिजे ती फट. समजा शिम 2.50 मिमीची, फट भरली 0.10 आणि पाहिजे 0.20, तर 2.40ची टाकायची. मिस्त्रींनी तिथंच दोन जुन्या शिम एकमेकींच्या जागी बसतात का बघितलं आणि बसत होत्या, नवीन दोनच लागल्या. एवढ्यासाठी गाडी उघडी पडून होती! त्या माणसाचे मात्र मनापासून आभार.

आता गरम इंजिनसुद्धा एका सेल्फला उचलतं. यवतेश्वरच्या घाटात वळणातून बाहेर पडताना गिअर न पाडता ओढते, 111 न्यूटन मीटर टॉर्क आहे तो उगाच नाही. मागे बॅगा आणि बायको असली की शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, हाताने नॉब फिरवून वाढवायचा, पाना लागत नाही, टूरिंगला ही सोय मला सगळ्यात आवडते.

राहिलंच, फट थंड इंजिनवरच मोजतात, त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन टाका. एअरबॉक्स निघालेलाच असतो, प्लग आणि एअर फिल्टर त्यातच उरकून घ्या, परत मजुरी कशाला. आणि 16 रीडिंगचा फोटो पाठवणार हे गाडी खोलायच्या आधी जॉबकार्डवर लिहून घ्या, नाही म्हणाले तर चावी देऊ नका.