सोमवारी बसवायचा जेट

"वहिनींचा हात मोडला, तरी गाडी विकली नाहीस?"

सात वर्षं हा प्रश्न ऐकतोय. मेहुणा विचारतो, शेजारी विचारतात, डिचोलीच्या बाजारात भेटलेला खाणीवरचा जुना सोबती विचारतो. त्यातलं कुणी घरी आलं आणि पडवीत चेतक स्कूटरचं उजवं पॅनल भिंतीला टेकवलेलं दिसलं, की पाठोपाठ दुसरा येतो: "आणि अजून घरीच उघडतोस?" आजवर "बघू" म्हणून मी विषय बदलत आलो. तुम्ही गेल्या आठवड्यात चहा पिता पिता विचारलंत आणि उत्तरासाठी थांबलात. म्हणून सांगतो.

ही वडिलांची गाडी नाही. तसं असतं तर लोकांना उत्तर लगेच पटलं असतं. मी ती २००९ साली साडेसहा हजारांना घेतली, जुनी, तळाला गंज धरलेली. त्याच डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. टू-स्ट्रोक चेतक तर त्याच्याही आधी बंद झाली होती. मला कामावर जायला स्वस्त गाडी हवी होती, बस्स.

पण पहिल्या पावसाळ्यानंतर टाकीतला गंज जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात अडकला, मी कार्बोरेटर उघडला आणि त्यातच गुंतलो. टू-स्ट्रोक इंजिनात लपवायला काही नसतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, साखळी नाही. ५७ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, त्याच्या भिंतीत खिडक्या, आणि त्या खिडक्या उघडणारा, झाकणारा पिस्टनच. हेडचे चार नट सोडले की सगळं समोर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या खिडकीची वरची कड गोल कानशीने एक मिलिमीटर वर नेली, तर गाडीचा स्वभाव बदलतो: कमी वेगात मवाळ होते, जास्त वेगात पेटते. पाच रुपयांच्या कागदी पॅकिंगने खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या कडा जुळवून बघा, फरक मांडीखाली जाणवतो. चाळिशीतल्या माणसाला आपण केलेल्या कामाचं इतकं रोख उत्तर दुसरीकडे कुठे मिळतं, मला माहीत नाही.

आता २०१८.

मी खाणीच्या वजनकाट्यावर होतो, १९ वर्षं. भरलेला टिप्पर काट्यावर यायचा, आकडा लिहायचा, पावती फाडायची. त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून काम थांबलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगतो की एप्रिलमध्ये मी रोज सकाळी आठ वाजता आंघोळ करून, शर्ट इस्त्री करून पडवीत बसत होतो, आणि घरात माझ्या हाताचं ऐकणारी वस्तू एकच होती.

तर मी तिला हात घातला. याआधी साफसफाई, प्लग, पॉइंट, फार तर रिंगा, एवढंच करत आलो होतो. आता पोर्ट घासले. हेड लेथवर थोडं कापून आणलं, कंप्रेशन वाढवायला. सायलेन्सर आतून मोकळा केला. दोन महिने. वहीत प्रत्येक माप लिहिलं, काट्यावर लिहायचो तसंच, तारीख, वेळ, आकडा. ती वही अजून आहे. तिच्यात सगळं बरोबर आहे, एक गोष्ट सोडून.

इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की त्याला पेट्रोलही जास्त लागतं. नाही मिळालं तर मिश्रण पातळ होतं, ज्वाला तापते आणि पिस्टन फुगतो. हे मला माहीत होतं. नव्याने नव्हे, चांगलं माहीत होतं. म्हणून तर म्हापशाहून मोठे जेट आणून ठेवले होते: १०२, १०४, १०६. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. गाडीत होता ९८. नवे तीन जेट आगपेटीत घालून, आगपेटी शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवली. बायको ब्लाउज शिवते, तिचाच खण. म्हटलं, सोमवारी बसवू.

शुक्रवारी ती म्हणाली, पुरुमेंताचं राहिलंय, म्हापशाला जाऊया. मे महिन्याचा शेवट. पाऊस लागायच्या आत सुक्या मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा भरून ठेवायच्या. शुक्रवारच्या बाजारात तोच माल, तीच गर्दी. मी प्लग काढून बघितला. बिस्किटासारखा तपकिरी होता. असाच हवा. पण मी गाडी बाजारपेठेतून हळूहळू घरी आणून, पडवीत दोन मिनिटं चालू ठेवून मग प्लग बघितला होता. तो रंग त्या दोन मिनिटांचा होता. खरा रंग बघायचा तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवून, तिथेच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि रस्त्यावरच प्लग काढायचा. हेही मला माहीत होतं. वर पेट्रोलात लीटरला २० मिली तेलाच्या जागी ३० मिली घातलं आणि वाटलं, राखण झाली. तेल वाढवलं की त्याच भोकातून पेट्रोल तेवढंच कमी जातं. मी मिश्रण आणखी पातळ करून ठेवलं.

येताना थिवी सोडली. दुपारचा एक वाजला असेल. ती माझ्या मागे डावीकडे पाय सोडून बसली होती, मांडीवर मिरच्यांची पिशवी, माळा माझ्या पायाशी. अस्नोड्याच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता. काटा ७० च्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. मला फार बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो: मार्चपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग आवाज बारीक झाला. इंजिन जाम होण्याआधी काही क्षण ते गोड चालल्यासारखं वाटतं, खडखड कमी होते, आणि पाठोपाठ कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढ कमी होते. तिथे ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबायचा. मी ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

मागचं चाक एकदम थांबलं. दहा इंची चाक ते, घसरलं म्हणजे सावरायला काही देत नाही. टायरचा आवाज ऐकल्यावर मी क्लच दाबला, पण तोवर गाडी डावीकडे झुकली होती. माझी डावी बोटं मुठीभोवती होती, क्लचवर नव्हती. टू-स्ट्रोक चालवणारा कुठलाही म्हातारा तुम्हाला सांगेल की पळवताना दोन बोटं क्लचवर. मला माझ्या पहिल्या मेकॅनिकने सांगितलं होतं.

ती पडताना हात टेकून पडली. डावा. उठून बसली तेव्हा तो हात तिने उजव्या हाताने पोटाशी धरला होता आणि मनगटाला एक विचित्र बाक आला होता. रस्ताभर मिरच्या. मी "लागलं का?" विचारायच्या आत ती म्हणाली, "गाडी बाजूला घ्या, मागून कोणी येईल." गाडी ढकलली जात नव्हती, मागचं चाक जाम. मग लक्षात आलं, गिअरमध्येच आहे. न्यूट्रल केली तेव्हा सरकली.

सहा आठवडे प्लास्टर, मग महिनोन्महिने व्यायाम. तो तळवा आता पूर्ण वर वळत नाही. बाहेरच्यांना कळणारही नाही, शिवणही ती करते. पण धुतलेली चादर पिळायची असली की ती एक टोक नळाला गुंडाळते आणि दुसरं उजव्या हाताने पिळते. मी घरात असलो तर मी पिळतो. ती मला हाक मारत नाही.

प्लास्टर असतानाच मी सिलिंडर उघडला. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि वितळलेलं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं. त्यावर जे कारण लिहिलं होतं ते सोडून मी महिनाभर दुसरं शोधत राहिलो. तेल भेसळीचं असेल. पेट्रोलात काही असेल. क्रँकचं ऑइल सील फाटून हवा आत येत असेल. तेव्हा तर सगळं इंजिन खाली उतरवून दोन्ही सीलं तपासली. चांगली होती. ती फाटलेली निघावीत म्हणून मी त्या रात्री देवाकडे मागितलं होतं.

आगपेटीचं मी बायकोला दोन वर्षं सांगितलं नाही. खण तिचाच, तिने ती पाहिली असणार, पण आत काय आहे आणि कशासाठी, हे तिला कळायचं कारण नव्हतं. लॉकडाऊनमध्ये एका संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, रडेल. ती बराच वेळ कापडाला टाचण्या लावत राहिली. मग विचारलं, "सोमवारी काय होतं तुम्हाला?"

काहीच नव्हतं. मला कामच नव्हतं. शुक्रवार, सोमवार, सगळे वार सारखे होते. जेट बदलायला १५ मिनिटं लागतात.

तर तुमचा प्रश्न. का विकली नाही. एकदा दोन पोरं १२ हजार घेऊन आली होती. तेव्हा मी घासलेला ब्लॉकच, म्हणजे तो सिलिंडरच गाडीवर होता, आणि तो मी कुणाच्या पोराच्या बुडाखाली देणार नव्हतो. घासून काढलेला धातू परत येत नाही. नंतर जुना मूळ ब्लॉक मिळाला, किंचित मोठ्या पिस्टनच्या मापाला बोअर मारून घेतला, हेड बदललं, सायलेन्सर मूळचा बसवला. मग विकता आली असती. तेव्हाही विकली नाही. विकली असती तर सगळे म्हणाले असते, गेली एकदाची ती गाडी, तिनेच हात मोडला. गाडीने काही केलं नव्हतं. हे खरं कारण आहे असं मी बरीच वर्षं मानलं. आता खात्री नाही. कदाचित मला ती फक्त आवडते, आणि बाकीचं मी नंतर रचलं.

घरी का उघडता, याचं उत्तर देताना मात्र मी अजून चिडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे, गाडी मूळ नोंदीपासून बदलायची नाही. आता ती बदललेली नाही. पण "जशी आहे तशी राहू दे, हात लावू नकोस" म्हणणाऱ्यांनी पंपावर काय मिळतं ते बघावं. २०२५ पर्यंत पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. शिवाय ते ओलावा ओढतं, आणि आमच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. म्हणजे मूळ ब्लॉक, मूळ सायलेन्सर आणि मूळ जेट असलेली गाडीसुद्धा आज थोडी त्या शुक्रवारच्या दिशेला सरकलेली आहे. हात न लावणं हाही एक निर्णयच झाला. मी जेट वाढवला, पूर्ण ॲक्सिलरेटरवर पळवून रस्त्यातच प्लग बघितला, एकटा, डिचोलीबाहेर, दोन बोटं क्लचवर ठेवून.

२०१८ चा मी हे वाचून म्हणेल, एवढं कळत होतं तर मलाही कळत होतं. बरोबर आहे. त्याच्यापाशी माझी बाजू इथेच लंगडी पडते. त्याच्याकडे नसलेलं असं मला आज काहीही ठाऊक नाही.

बायको त्या दिवसानंतर गाडीवर बसलेली नाही. विकाही म्हणाली नाही, ठेवाही म्हणाली नाही. म्हापशाला ती बसने जाते. यंदाही पुरुमेंताला बसनेच गेली. मी दुपारी गाडी घेऊन बसस्टँडवर उभा होतो. तिने मिरच्यांची पिशवी आणि माळा गाडीच्या पायठेवणीवर ठेवल्या, पिशवीचं तोंड उजव्या हाताने आवळून बांधलं आणि चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून.