तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक्सनव्हिल मायामीपेक्षा मोठं कसं?

"फ्लोरिडातलं सगळ्यात मोठं शहर आमचं," असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मायामी नाही का?" गेल्या वर्षी पुण्याहून मावशी आली, तिला विमानतळावरून घरी आणत होते. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मग सेंट जॉन्स नदीवरचा उंच पूल, पुन्हा झाडं. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "अगं, शहर कधी लागणार?" विमानतळ सोडल्यापासून आम्ही शहराच्या हद्दीतच होतो.

हे सगळं हद्दीमुळे होतं. २०२० च्या जनगणनेत जॅक्सनव्हिलची लोकसंख्या ९,४९,६११ भरली आणि मायामीची ४,४२,२४१. पण आमची जमीन सुमारे १,९३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या तिपटीहून जास्त. मायामी शहर जेमतेम ९३ चौरस किलोमीटरचं, आणि वस्ती आमच्या जवळपास दहापट दाट. मायामी बीच हे वेगळं शहर आहे, इतकंच काय, मायामीचा विमानतळही मायामी शहराच्या हद्दीत येत नाही. तिथल्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, ३४ नगरपालिका आहेत आणि लोक २७ लाख. आजूबाजूचा सगळा महानगर परिसर धरला तर मायामी ६० लाखांच्या वर जातं, आम्ही १६ लाखांवर थांबतो. म्हणून नुसत्या शहरांची यादी बघून कुठलं मोठं ते ठरवू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

"आमच्याकडे गावं समाविष्ट झाली, तसंच का?" मावशीने बरोबर ओळखलं. फरक इतकाच, की इथे जवळजवळ अख्खी ड्युव्हल काउंटी समाविष्ट झाली. समुद्रकाठची तीन गावं आणि पश्चिमेचं बाल्डविन यांनी तेवढा आपला कारभार वेगळा ठेवला.

आकड्यांत पहिलं येण्यासाठी हे कुणी केलं नव्हतं. १९६० च्या दशकात इथली परिस्थिती फार वाईट होती. काउंटीतल्या सगळ्या सरकारी हायस्कुलांची मान्यता १९६४ मध्ये गेली. मैलापाणी तसंच नदीत सोडलं जायचं. भ्रष्टाचाराच्या चौकशीत पदाधिकाऱ्यांवर आरोपपत्रं दाखल झाली. शहर एक काम करी, काउंटी तेच काम दुसऱ्या खात्याकडून करून घेई, आणि पैसे असलेली माणसं हद्दीबाहेर राहायला जात. शेवटी ८ ऑगस्ट १९६७ ला लोकांनी मतदान करून विलीनीकरण मान्य केलं. १ ऑक्टोबर १९६८ पासून शहर आणि काउंटीला एकच महापौर आणि एकच सभागृह मिळालं. नदी साफ व्हायला आणखी नऊ वर्षं गेली. १९७७ मध्ये महापौर हान्स टँझलर स्वतः त्या पाण्यात वॉटर स्कीइंग करायला उतरले. माझ्या मते विलीनीकरणाची खरी कमाई ही नदी आहे.

पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुन्या शहरात कृष्णवर्णीय लोक चाळीस टक्क्यांच्या वर होते. आपल्यातला महापौर निवडून आणणं त्यांच्या आवाक्यात आलं होतं. हद्द वाढली आणि ते प्रमाण एका रात्रीत निम्म्याच्या आसपास आलं. तरीही त्यांच्यातल्या अनेक नेत्यांनी पाठिंबा दिला, कारण जुन्या वस्त्यांना ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनी देण्याचा शब्द मिळाला होता. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी हजारो घरांचं मैलापाणी अजून अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातं. अशा एका अंगणात मी पावसाळ्यात उभी राहिले आहे. टाकीच्या झाकणाभोवतीची माती पायाखाली दबते, आणि तो वास बंद खिडकीतूनही घरात येतो. मतं मोजली, हद्द आखली, कर लावला, तर पाइपही तितक्याच लगबगीने पोचायला हवे होते. ते या लोकांचं घेणं आहे.

आता टप्प्याटप्प्याने लाइनी टाकायचं काम सुरू आहे. त्या बाजूला गेले आणि रस्ता खणलेला दिसला की मी गाडी हळू करते आणि चर मागच्या वेळेपेक्षा किती घरं पुढे सरकलाय ते बघते.